बोटभर उतरणारं पाणी

सोलापूरजवळच्या होटगीच्या दक्षिणेला दोन कोसांवर माळहळ्ळी नावाचं गाव आहे. तिथल्या आणि आसपासच्या दहा-बारा गावांतल्या निम्म्या तरी विहिरी मडिवाळप्पा बिराजदाराच्या सुरुंगांनी फुटलेल्या. पहार आणि घण चालवायचं काम गडी करत; पण भोक कुठं पाडायचं, दारू किती ठासायची आणि वात पेटवल्यावर कोणत्या बाजूनं वर चढायचं, हे मडिवाळप्पानं सांगायचं. खडकावर पहारीचं टोक आपटून तो कान लावायचा. खणखणीत वाजला तर अख्खा, बद्द वाजला तर फुटका. तीस वर्षं हेच केलं. त्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि डावा कान जवळजवळ बंद झाला. पंचेचाळिशी उलटल्यावर गडी आपसांत म्हणायला लागले, अण्णाला वात सुरसुरलेली ऐकू येत नाही, त्याच्याबरोबर विहिरीत उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. तोंडावर कुणी बोललं नाही. बोलावणी यायची बंद झाली, इतकंच.

बहात्तर साली पावसानं पाठ फिरवली. दिवाळीनंतर गावाबाहेरच्या माळावर पाणी खात्याची बोअरची गाडी आली आणि तीन दिवस दगड भरडत राहिली. मडिवाळप्पा तिन्ही दिवस तिथं उकिडवा बसून होता. वर उडालेली भुकटी चिमटीत घेऊन चोळायचा आणि सांगायचा, "आता लाल लागंल." हातभर खाली गेलं की लाल माती वर यायची. गाडीबरोबर आलेले ओव्हरसियर हिंदुराव जगदाळे हे बघत होते. दीडशे फुटांवर पाणी लागलं, आणि लागलं ते दाबातलं. कठीण थराखाली कोंडलेलं पाणी पाइपातनं चढत वर आलं आणि साठ फुटांवर थांबलं.

जगदाळ्यांनी मडिवाळप्पाला बोलावून घेतलं.

"दगडाची एवढी पारख आहे, तर इथंच राहा. दिवसातनं तीनदा टेप सोडून पाणी मोजायचं, वहीत लिहायचं, कुलूप सांभाळायचं. लिहिता येतं ना?"

"चौथीपर्यंत शिकलोय, सायेब. कन्नड शाळंत. आकडं येत्यात."

"आकडेच लिहायचेत. आणि एक ध्यानात ठेव. ह्या पाण्याला हात लावायचा नाही. सहा महिने ते जसं आहे तसं राहिलं पाहिजे. ह्याच्या पातळीवरनं पुढची बोअरं कुठं घ्यायची ते ठरणार. एक घागर जरी काढलीस तरी सगळं मोजमाप वाया."

बोअरभोवती तारेचं कुंपण झालं. सहा इंची पाइपावर लोखंडी झाकण आणि झाकणाला कुलूप बसलं. किल्ली मडिवाळप्पानं करगोट्यात अडकवली. पुन्हा एकदा त्याला कुणीतरी काम सांगितलं होतं, आणि ते काम दगडाचंच होतं. घरी जाऊन त्यानं बायकोला, काशम्माला, हे दोनदा सांगितलं.

संक्रांतीपर्यंत गावातल्या सात विहिरींपैकी पाच कोरड्या पडल्या. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, कधी पाचव्या. उरलेल्या दोन विहिरींतली मोठी बसप्पाची. पन्नास फूट खोल. तिच्या तळाला एका कोपऱ्यात ताटाएवढा झरा पाझरायचा. बायका दगडाच्या पायऱ्यांवरून खाली उतरत, झऱ्यापाशी बसत आणि वाटीनं घागर भरत. एक घागर भरायला अर्धा तास लागे.

एक दिवस सारजाबाई माळावर आली. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, चार एकरांची शेती एकटीनं रेटलेली बाई. मडिवाळप्पाला ती भावासारखं मानायची. तिच्या हातात पितळी कडीचा, लांबलचक, नळकांड्यासारखा डबा होता.

"ह्यो बघ. सोलापुरात नव्या पेठंत टिनवाल्याकडनं करून आणलाय. तुज्या पायपात बराबर जाईल. एकदा घालून बघू."

"न्हाय, सारजाक्का."

"दोन घागरी. सून बाळंत झालीया. टँकर परवाच यायचा हुता, आला न्हाय."

"हात लावायचा न्हाय म्हणून सांगितलंय सायबानं. मोजमाप बिघडतंय. मग फुडची बोरं कुटं घ्यायची ते कळायचं न्हाय. धा गावांचं पाणी हाय ह्यात."

"धा गावांचं हाय, आन् ह्या गावाचं न्हाय व्हय?"

त्यानं कुलूप ओढून बघितलं. सारजाबाई तो लांबडा डबा खांद्यावर टाकून निघून गेली. नंतर आणखी माणसं आली. कुणी गोडीनं बोललं, कुणी शिव्या घातल्या. महादेवप्पा पाटलानं तर त्याला आपल्या ओट्यावर बसवून समजावलं. मडिवाळप्पाचं उत्तर एकच. आपण खोटं वागलो तर दहा गावांची बोअरं चुकीच्या जागी जातील, हे त्याच्या डोक्यात पहारीसारखं बसलं होतं. दगडाच्या बाबतीत एक चूक झाली की माणूस मरतो, हे त्यानं तीस वर्षं पाहिलं होतं. पाण्याचंही तसंच असणार, असं त्यानं धरून ठेवलं.

घरात नवरा-बायको कन्नड बोलत. मूलबाळ नव्हतं. काशम्मा कमी बोलणारी बाई. माघ संपत आला तेव्हा एका सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मी विहिरीवर गेले की बायका बोलणं थांबवतात."

"थांबवू देत."

"शिव्या दिल्या असत्या तर बरं. गप्प होतात."

"मी काही चोरी केलेली नाही."

"चोरी केली असं कोण म्हणतंय? पाणी आहे, एवढंच म्हणतात."

"विश्वासानं दिलंय माझ्याकडं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मडिवाळप्पा म्हणाला, "बसप्पाच्या विहिरीत उतरत जाऊ नकोस. तीस फुटांवरचा लाल मातीचा पट्टा सुटलाय. वरचा दगड त्याच्यावर नुसता टेकून आहे. बसप्पालाही सांगितलंय मी."

"मग कुठं उतरू?" काशम्मानं विचारलं.

ते भांडणाच्या सुरात नव्हतं. दुसरी विहीर आटून आठ दिवस झाले होते आणि कुठं जायचं हे तिला खरंच विचारायचं होतं. मडिवाळप्पा धोतर झटकून कामावर निघून गेला.

त्याच सुमारास खात्यानं बोअरवर नवं यंत्र बसवलं. पाण्यावर तरंगणारा एक डबा, त्याला बांधलेली बारीक तार, आणि वर घड्याळाच्या चावीवर सावकाश फिरणारा कागद गुंडाळलेला ढोल. पाणी वर-खाली झालं की शाईची टोकदार लेखणी कागदावर वर-खाली व्हायची. सगळ्यावर काचेच्या झरोक्याची लोखंडी पेटी. आठवड्याला चावी द्यायची आणि कागद बदलायचा. पहिल्याच आठवड्यात मडिवाळप्पानं पाहिलं की रेघ सरळ येत नाही. दिवसातून दोनदा खाली उतरते, दोनदा वर चढते. फार नाही, बोटभर. टेपनं मोजतानाही त्याला हा फरक दिसायचा, पण जगदाळे म्हणाले होते, तुझी टेप सैल पडते. आता टेप नव्हती. तरी त्यानं विचारलं नाही. यंत्र साहेबांचं होतं.

शिमग्याच्या चार दिवस आधी, दुपारी तीनच्या सुमाराला, तो पेटी उघडून लेखणीत शाई भरत होता. उजव्या कानाला लांबून दबका आवाज आला. कुठंतरी सुरुंग उडाला, असं त्याला वाटलं. दारू नीट ठासलेली नाही, असंही मनात येऊन गेलं. त्यानं शाई भरली, आकडा लिहिला, पेटी लावली. तेवढ्यात गावचा कोतवाल भिमा धापा टाकत कुंपणाशी आला.

"मडिवाळअण्णा, चला. बसप्पाची हीर ढासळली."

तो काय ते समजला. तरी त्यानं कुलूप लावलं, किल्ली करगोट्यात अडकवली आणि मग पळाला.

लाल पट्टा निसटला होता आणि वरचा बैलगाडीएवढा दगड घेऊन खाली गेला होता. विहिरीत तीन बायका होत्या. सारजाबाई आणि तिची जाऊ पायऱ्यांवर होत्या. सारजाबाईचा पाय घोट्यात मोडला, जावेला खरचटण्यावर निभावलं. झऱ्यापाशी काशम्मा होती. गडी उतरायला भ्यायले, कारण बाकीचा पट्टाही लोंबत होता. मडिवाळप्पानं कुठं पाय द्यायचा आणि कुठं नाही ते वरून बघून घेतलं, मग स्वतः उतरला आणि दोघांना मागं घेतलं. पहारी लावून दगड कलता करायला दिवस मावळेपर्यंत वेळ लागला. कुठल्या कडेला टेका द्यायचा, कुठल्या बाजूनं सरकवायचा, हे तो शांतपणे सांगत होता. वर उभे असलेले लोक नंतर म्हणायचे की त्याचा आवाज एकदाही हलला नाही, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

लिंगायतांचा जंगम, म्हणजे पुरोहित, आला. काशम्माला विभूती लावून, रीतीप्रमाणे बसवून माती दिली.

तिसऱ्या दिवशी मडिवाळप्पा कामावर हजर झाला. गावाला वाटलं, आता तरी हा कुलूप काढेल. झालं उलटंच. आधी तो लोकांशी दोन शब्द बोलायचा, आता कुंपणाजवळ कुणी आलं की उठून पलीकडं जायचा. आज कुलूप काढलं तर काल ते का लावलं होतं, हा प्रश्न त्याच्यापुढं उभा राहत होता, आणि तो प्रश्न त्याला बघवत नव्हता. म्हणून तो कागद बदलत राहिला, आकडे लिहीत राहिला.

पाडवा झाल्यावर जगदाळे जीप घेऊन आले आणि सरळ चावडीवर गेले. मडिवाळप्पाला बोलावणं धाडलं. चावडीत दहा-पंधरा माणसं होती. प्लास्टरातला पाय पुढं पसरून सारजाबाई ओट्याच्या कडेला बसली होती. तिला टँकरची तक्रार लिहून द्यायची होती. जगदाळ्यांनी सहा आठवड्यांचे कागद जमिनीवर ओळीनं अंथरले.

"ही रेघ काय सांगते?"

"पाणी उतरतंय आन् चडतंय, सायेब."

"किती वेळा?"

"दिवसातनं दोनदा."

"बंद बोअरचं पाणी आपोआप दोनदा उतरेल का? कुणीतरी उपसल्याशिवाय? किल्ली कुणाकडं आहे?"

"माज्याकडं."

"मग मला सांग, रोज दोनदा पाणी कुणाला देतोस?"

मडिवाळप्पानं कागदांकडं पाहिलं, जगदाळ्यांकडं पाहिलं. बोलली ती सारजाबाई. तिनं आवाज चढवला नाही.

"सायेब, ह्यानं पाणी दिलं असतं तर ह्याची बायकू आज जित्ती असती. माजा पायबी जाग्यावर असता. ह्या मानसानं थेंब दिला न्हाय कुनाला. आमी समद्यांनी ह्याच्यावर थुकून झालंय त्यापायी. आता तुमी म्हणताय दिलं म्हणून."

जगदाळे जरा खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, मला वाईट वाटतं. पण कागद खोटं बोलत नाही."

त्यांनी किल्ली काढून घेतली, कुलूप बदललं, भिमाला राखणीवर बसवलं आणि वर लिहून कळवलं की मापकानं, म्हणजे मडिवाळप्पानं, पाणी चोरून दिल्याचा संशय आहे. चार दिवसांत ही गोष्ट होटगीच्या बाजारात पोचली. बायको मेली तरी गावाला पाणी दिलं नाही, आणि चोरून कुणाला तरी देत होता, असं लोक म्हणू लागले. माळहळ्ळीतल्यांना खरं माहीत होतं, पण बाजारात जाऊन त्याच्या बाजूनं बोलावं इतका तो कुणाच्या मनात उरला नव्हता.

मडिवाळप्पा मात्र रोज माळावर जाऊन बसायचा. भिमा त्याला हाकलायचा नाही. काचेच्या झरोक्यातून तो लेखणीकडं बघत राहायचा. कुलूप नवं, किल्ली आठवड्याला कागद बदलायला येणाऱ्या जगदाळ्यांच्या खिशात, पेटीला लाखेचा शिक्का; तरी पाणी बोटभर उतरायचं आणि चढायचं. पाणी सर्वांत खाली कधी जातं ते तो भिमाच्या घड्याळावर बघून खडूनं एका फरशीवर लिहू लागला. पाच दिवस झाले आणि त्याच्या ध्यानात आलं की आज ज्या वेळी पाणी तळाला जातं, उद्या त्याच्यानंतर दोन घटकांनी, म्हणजे पाऊण तासानं, जातं. परवा आणखी दोन घटकांनी.

"भिमा," तो म्हणाला, "चोर रोज दोन घटका उशिरा कशापायी यील?"

"चोराला काय ठावं. झोप लागली आसंल."

"रोज तेवडीच?"

अष्टमीच्या दिवशी संध्याकाळी ऊन अजून रेंगाळत होतं तेव्हा त्यानं वर पाहिलं. अर्धा चंद्र बरोबर डोक्यावर होता. लेखणी तळाला होती. तो बराच वेळ एकदा वर, एकदा पेटीत बघत राहिला. दुसऱ्या दिवशी चंद्र डोक्यावर यायला दोन घटका उशीर झाला. लेखणीलाही झाला. त्यानं हे भिमाला सांगितलं नाही. बायको गेल्यापासून अण्णाचं डोकं फिरलंय, असं गाव आधीच म्हणत होतं.

वैशाखात माळावर दुसरी जीप आली. सोलापूरच्या कचेरीला त्या रेघेचा उलगडा होईना म्हणून कागद हैद्राबादला गेले होते, आणि तिथून डॉक्टर कट्टी नावाचे भूशास्त्रज्ञ स्वतः आले होते. धारवाडकडचे, साठीला टेकलेले, उन्हानं रापलेले गृहस्थ. जगदाळे बरोबर होते. कट्टींनी पेटी उघडली, तार तपासली, आणि मग कुंपणाबाहेर बसलेल्या माणसाजवळची खडूनं भरलेली फरशी त्यांच्या नजरेला पडली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मडिवाळप्पा उठून उभा राहिला. "खालच्या टोकाची येळ हाय."

कट्टी फरशीपाशी खाली बसले. बोट फिरवत एकेक आकडा वाचला आणि कन्नडमध्ये विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, पाणी का उतरतं?"

कन्नड ऐकून मडिवाळप्पा सावरला. "सांगितलं तर हसाल."

"सांगा."

"चंद्र डोक्यावर आला की उतरतं. पुन्हा तो पायाखाली गेला की उतरतं."

कट्टी हसले नाहीत. त्यांनी जगदाळ्यांना जवळ बोलावलं आणि मग दोघांनाही समजेल असं सांगितलं. भिमा होता, मळ्याकडून आलेली चार माणसं होती, काठी टेकत आलेली सारजाबाईही होती.

"चंद्र समुद्राला ओढतो आणि भरती येते, हे तुम्ही ऐकलं असेल. तशी जमिनीलाही येते. आपण उभे आहोत ना, ही जमीन दिवसातून दोनदा वीत-दीड वीत वर उचलली जाते आणि परत बसते. आपल्याला कळत नाही, कारण घर, झाड, विहीर, सगळं तिच्याबरोबर वर जातं. जमीन अशी ताणली गेली की खालच्या खडकातल्या भेगा किंचित रुंदावतात. केसाहूनही कितीतरी कमी. कोंडलेल्या पाण्याला तेवढी जागा पुरते. ते भेगांत शिरतं आणि बोअरमधलं बोटभर उतरतं. जमीन बसली की भेगा दबतात, पाणी पुन्हा वर."

"दगूड हलतोय व्हय?" भिमानं विचारलं.

"हलतो. मी दोन वर्षं एका बेटावर होतो. भर समुद्रात ज्वालामुखीनं वर काढलेलं बेट. तिथं चंद्राची ओढ आहेच, शिवाय समुद्राचं ओझं. भरती आली की सगळं पाणी समुद्राच्या तळावर दाबून बसतं. तळ वाकतो आणि त्याच्याबरोबर बेटही खाली जातं. ओहोटीला वर येतं. डोंगराच्या पोटातली आग हलतेय की समुद्राच्या ओझ्यानं जमीन हलतेय, हे ओळखायला आम्हाला आधी भरतीचा भाग बाजूला काढावा लागायचा. इथं समुद्र लांब, त्याचा दाब नावापुरता पोचतो. म्हणून तुमची रेघ इतकी स्वच्छ आली." कट्टींनी बुटानं जमीन उकरली. "आणि हा काळा दगड त्या बेटाचाच भाऊ. आगीतून वाहत आलेला, थरावर थर. मधली लाल माती म्हणजे एक थर निवल्यावर मोकळी पडलेली जमीन. तिच्यावर पुढचा थर आला आणि तिला भाजून गेला."

लाल मातीचं नाव निघालं तशी माणसं मडिवाळप्पाकडं न बघता दुसरीकडं बघू लागली. कट्टींना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मडिवाळप्पा सगळं नीट ऐकत होता, उजवा कान पुढं करून.

"तीस वर्षं मी दगडाला दारू लावली," तो कट्टींना कन्नडमध्ये म्हणाला. "मला वाटायचं, मी फोडल्याशिवाय तो हलत नाही."

मग त्यानं विचारलं. आवाज तसाच, विहिरीत दगड हलवताना होता तसा.

"डॉक्टर, ह्यातनं रोज दहा-वीस घागरी काढल्या असत्या तर?"

कट्टी कागदांची गुंडाळी करत होते. त्यांना तो प्रश्न कामातला वाटला आणि त्यांनी आनंदानं उत्तर दिलं. "काही बिघडलं नसतं. रेघेवर एक खाच पडली असती, तासाभरात पाणी जागेवर आलं असतं. पाणी भरपूर आहे इथं. काढल्याची वेळ तेवढी लिहून ठेवली की झालं, ती खाच आम्हाला बाजूला काढता येते. आणि भरतीचं चढणं-उतरणं तर त्यातूनही दिसलंच असतं."

एवढं बोलून त्यांनी मान वर केली. मडिवाळप्पा खाली बसला होता. चक्कर आल्यासारखा नव्हे. काम संपल्यावर माणूस बसतो तसा. जगदाळे जीपकडं चालू लागले होते. कट्टींनी विचारलं, काय झालं, तेव्हा सारजाबाईनं त्यांना बाजूला नेऊन, तिच्या मराठीत, जे झालं ते सगळं सांगितलं.

कट्टींनी त्याच दिवशी चावडीत बसून दोन कागद लिहिले. एकात मापकावरचा संशय निराधार असल्याचं होतं. दुसऱ्यात, बोअरचं पाणी गावाला आजपासून खुलं करावं असं. जगदाळ्यांनी दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवले आणि किल्ली परत मडिवाळप्पाच्या हातात ठेवली.

"झालं गेलं विसर," ते म्हणाले. "मलाही वरूनच सांगितलं होतं, हात लावू देऊ नका म्हणून. मी तुला चोर ठरवलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाईट वाटलं न्हाय, सायेब. तुमचा संशय खरा असता तर बरं झालं असतं."

जगदाळ्यांनी दोन्ही कागदांच्या घड्या घालून ते खिशात ठेवले.

संध्याकाळी यंत्राचा तरंगता डबा वर ओढून घेतल्यावर सारजाबाईचा लांबडा डबा पाइपातून खाली गेला. माळावर घागरींची रांग लागली. कुलूप काढून दिल्यावर मडिवाळप्पानं किल्ली झाकणावर ठेवली आणि तो गावाकडं निघाला. दोघी-तिघींनी त्याच्या घरासाठी घागर भरून दारात ठेवली. ती सकाळपर्यंत तशीच होती.

पुढचं वर्षभर तो गावात होता, पण नसल्यासारखा. पंप बसला, यंत्र दुसरीकडं गेलं. कुणी त्याला दोष देत नव्हतं. उलट लोक समजूतदारपणे वागत, त्याच्याशी जपून बोलत, आणि ते त्याला सोसवत नव्हतं. चौऱ्याहत्तरच्या थंडीत कट्टींचं पत्र आलं. टेंभुर्णीजवळ नवं बोअर आहे, मापक पाहिजे, याल का. त्यानं महादेवप्पा पाटलाकडून उत्तर लिहून घेतलं. येतो, पण मागायला येईल त्याला पाणी देणार. कुणाला दिलं आणि कधी दिलं ते लिहून ठेवीन. हे चालत असेल तर कळवा. कट्टींचं उत्तर यायला दोन महिने लागले. कचेरीत त्यांना भांडावं लागलं असावं. पत्रात एकच ओळ होती: चालेल.

टेंभुर्णीच्या नाक्यापासून मैलभर आत, रस्त्याच्या कडेला ते बोअर होतं. मडिवाळप्पा तिथं एका पत्र्याच्या खोलीत राहिला. ट्रकवाले, मेंढरं घेऊन जाणारे धनगर, आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका, सगळे पाणी न्यायचे. तो प्रत्येकाला नाव विचारायचा. नाव लिहायचा, वेळ लिहायचा आणि मगच दोर सोडायचा. काही जण वैतागायचे. पाण्याला नाव कशाला पाहिजे, असं एका ड्रायव्हरनं दरडावून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुमी पिऊन गेला, हे कुटं तरी असावं." पुढं त्याचा उजवा कानही गेला. मग लोक त्याच्या हातातली वही घेऊन आपली नावं आपणच लिहीत, आणि ज्यांना येत नसे ते अंगठ्याला शाई लावत.

कट्टी वर्षातून एकदा येत. पहिल्या वर्षी त्यांनी रेघेवरच्या शेकडो खाचा वहीवरून एकेक करून काढून टाकल्या आणि उरलेली चंद्राची रेघ त्याला दाखवली. त्यानं ती पाहिली, मान हलवली आणि कागद परत दिला. दगडाबद्दल तो त्यांच्याशी तासन्‌तास बोलायचा. माळहळ्ळीबद्दल कधीच नाही.

एकोणऐंशीच्या चैत्रात तो गेला. ताप आला होता, दोन दिवस अंथरुणावर होता, तिसऱ्या दिवशी पाणी न्यायला आलेल्या बाईला तो उठलेला दिसला नाही. निरोप माळहळ्ळीला पोचेपर्यंत टेंभुर्णीच्या लोकांनी त्याला तिथंच माती दिली होती. सारजाबाई आणि भिमा एसटीनं आले. खोलीत दोन धोतरं, एक पहार, जेवणाची ताटली आणि वह्यांचा गठ्ठा होता. वह्या खात्याच्या म्हणून त्या तिथंच ठेवायच्या होत्या. सारजाबाईला वाचता येत नव्हतं. भिमानं एक वही उघडून पाच-सहा नावं वाचून दाखवली, ती तिनं ऐकली. ओळखीचं एकही नव्हतं.

पहार तिनं बरोबर घेतली. वस्तीवरच्या एका बाईला तिनं विचारलं, हा माणूस घरच्यांबद्दल काही बोलायचा का.

"न्हाय वो," ती बाई म्हणाली. "बायकू हाय का म्हणून म्या एकदा इच्यारलं हुतं. त्याला ऐकू आलं न्हाय."

परतीच्या गाडीला गर्दी होती. कंडक्टरनं पहारीवरून कुरकुर केली आणि शेवटी ती टपावर टाकू दिली. मोहोळपर्यंत दोघांना बसायला जागा मिळाली नाही.